धर्मांतरापूर्वीचा विवाह आणि चर्च (लेखांक 6)

ख्रिस्ती विवाहसंस्काराचे स्वरूप मागील लेखांकात पाहिल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहतो, तो असा की, जे स्त्री-पुरुष लग्नानंतर ख्रिस्ती होतात त्यांच्या आधीच्या लग्नाला चर्च काय मानते. बाप्तिस्म्याने, म्हणजे जलदीक्षेने, माणसाला नवा जन्म लाभतो अशी श्रद्धा असल्यामुळे जुने नातेही तिथेच संपत असावे, असे अनेकांना वाटते. पोप तिसरे इनोसन्ट यांनी 1201 मध्ये तिबिर्यासच्या बिशपला पाठवलेल्या निर्णयपत्रात मात्र दीक्षेने पापांची क्षमा होते, विवाह मोडत नाही, असे स्पष्ट केले. विवाह ही चर्चच्याही आधीची, मानवी स्वभावात रुजलेली व्यवस्था आहे, या धारणेमुळे बाप्तिस्मा न झालेल्या दोघांनी आपल्या रीतीने केलेला विवाह कॅथलिक चर्च वैध धरते आणि पुढे दोघांनीही दीक्षा घेतल्यास, पुन्हा लग्न न लावता, त्याच विवाहाला संस्काराचे स्थान मिळते.

पेच पडतो तो दोघांपैकी एकानेच दीक्षा घेतली तर. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने सांगितले आहे की, विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये, पण तोच निघून गेला तर विश्वासणारा बांधलेला राहत नाही. यातूनच ‘पौलीय सवलत’ निर्माण झाली, म्हणजे अशा परिस्थितीत दीक्षित व्यक्तीला पुनर्विवाहाची मोकळीक देणारा नियम. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार त्याआधी दुसऱ्या जोडीदाराला साधारणपणे दोन गोष्टी विचाराव्या लागतात: त्यालाही दीक्षा घ्यायची आहे का, आणि नसल्यास निदान ईश्वराचा अवमान न करता शांततेने एकत्र राहायची तयारी आहे का. जुना विवाह या विचारणेने सुटत नाही. दीक्षित व्यक्तीचा नवा विवाह होतो त्याच क्षणी तो सुटतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात हाच विचार 1866 च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेद कायद्यात उतरला. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने नांदण्यास नकार दिल्यास धर्मांतरिताला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश त्या जोडीदाराला समक्ष विचारी, नकार कायम असल्यास प्रकरण वर्षभर तहकूब ठेवी आणि त्यानंतर पुन्हा विचारून मगच हुकूमनामा देई. या वर्षभराच्या थांबण्यात मोठे शहाणपण होते, कारण माहेरच्यांच्या आणि जातीच्या दबावाखाली दिलेला नकार हा शेवटचा शब्द असतोच असे नाही. नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आप्तांकडे राहिल्या. पुढे आपला आचारधर्म सांभाळूनच त्या पतीकडे नांदायला आल्या आणि कालांतराने त्यांनीही दीक्षा घेतली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त हा काळ ज्या तपशिलाने आला आहे, त्यावरून नियमांच्या पलीकडे अशा घरात काय घडते हे कळते.

बहुपत्नीकत्वाच्या प्रश्नावर मात्र चर्चचे दीर्घकाळ चुकलेच, असे म्हणावे लागते. अनेक बायका असलेल्या पुरुषाला त्या स्थितीत बाप्तिस्मा देऊ नये, असे अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने 1888 मध्ये ठरवले. त्यामुळे दीक्षेसाठी पुरुषाला एकीखेरीज बाकीच्या बायका सोडाव्या लागत आणि काहीही अपराध नसताना त्या स्त्रिया मुलाबाळांसह निराधार होत. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचे बिशप जॉन कोलेन्झो यांनी या प्रथेला त्यापूर्वीच कडाडून विरोध केला होता. परिषदेने आपली भूमिका बदलायला 1988 साल उजाडले. यापुढे नवे लग्न न करण्याचे वचन आणि स्थानिक ख्रिस्ती मंडळीची संमती या अटींवर अशा पुरुषाला कुटुंबासह दीक्षा देण्यास तिने मान्यता दिली. कॅथलिक संहिता एकच पत्नी ठेवायला सांगते, परंतु सोडलेल्यांच्या चरितार्थाची सोय न्यायाने आणि ममतेने व्हावी, याकडे लक्ष देण्याची जबाबदारी ती बिशपवर टाकते.

आजच्या भारतीय वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की, चर्चने सवलत दिली म्हणून सरकारी कायद्यापुढे पहिले लग्न सुटत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण ठरते खरे, पण ते मांडण्याचा अधिकार धर्म न बदललेल्या जोडीदाराचा आहे, आणि न्यायालयाचा हुकूमनामा होईपर्यंत ते लग्न कायमच असते.