कॅन्सरशी 'लढायलाच' हवं का?

कॅन्सरचं निदान झालं की घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. "खचायचं नाही हं. मन खंबीर ठेवलं की अर्धं दुखणं पळतं," असं सांगूनच बहुतेक जण उठतात. यात माया आहे, पण दुसऱ्या वाक्याला पुराव्याचा आधार नाही.

ही समजूत पक्की व्हायला एक अभ्यासही कारण झाला. लंडनच्या स्टीव्हन ग्रीअर यांनी १९७९ साली स्तनाच्या कॅन्सरच्या ६९ स्त्रियांची पाहणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली. लढाऊ वृत्तीच्या, तसंच आजार मनावरच न घेणाऱ्या स्त्रिया पाच वर्षांनी अधिक संख्येने सुखरूप होत्या. आकडा लहान, पण गाजावाजा मोठा झाला. पुढे १९९९ साली मॅगी वॉटसन यांनी ५७८ स्त्रिया तपासल्या. सहलेखकांत स्वतः ग्रीअर होते. लढाऊ वृत्तीने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. अगदी हताश झालेल्यांचे परिणाम मात्र वाईट होते, म्हणून नैराश्यावर उपचार हवेतच.

तरीही आजार उलटला की रुग्ण स्वतःलाच दोष देतो : "मीच कमी पडलो." न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ जिमी हॉलंड याला सकारात्मक विचारांचा जुलूम म्हणत.

मग मनोवृत्तीने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो रोजच्या जगण्यात दिसतो. चार्ल्स कार्व्हर यांच्या १९९३च्या अभ्यासात आजार स्वीकारणाऱ्या स्त्रियांची घालमेल कमी होती, नाकारणाऱ्यांची जास्त. स्वीकारणं म्हणजे हात टेकणं नव्हे. केमोनंतर मळमळणार हे धरून गोळी आधीच लिहून घेणं, रिपोर्टांची फाइल तारखेनुसार लावणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर उतरवणं, हे सगळं स्वीकारातच येतं.

"पेशंटसमोर रडू नका, त्यालाही रडू देऊ नका," हा आणखी एक गैरसमज. ॲनेट स्टँटन यांनी २००० साली ९२ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनातलं बोलून दाखवणाऱ्या स्त्रियांचा मानसिक त्रास तीन महिन्यांत कमी झाला होता. ऐकून घेणारी माणसं भोवती असली, तर या स्त्रियांचं जगणंही अधिक सुसह्य होत होतं. निदानच लपवणारी आपली घरं ही वाट बंद करतात. पाटीवर 'कॅन्सर' लिहिलेल्या इमारतीत रोज जाणाऱ्याला बहुधा सगळं कळलेलं असतं. तो घरच्यांसाठी गप्प राहतो.

हा त्रास मोजायची एक सोपी पट्टी आहे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. चार किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर पुढच्या तपासणीत तो डॉक्टरांना सांगावा आणि समुपदेशकाची भेट मागून घ्यावी.