उपग्रहाची मोजणी आणि विसाव्याचे शेत

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभे राहिले की टाऊन हॉल, पोस्ट ऑफिस, व्हिक्टोरिया मार्केट अशा दगडी इमारतीच चोहोकडे दिसतात. शेताचा मागमूसही नाही. तरी आपल्या स्वयंपाकघरातले मोहरीचे तेल जवळच्याच भिंड-मुरैनाच्या रानातून येते. शेत शहराच्या नजरेआड असते. मग साऱ्या जगातली शेते मोजायची कोणी आणि कशी?

१९७२ साली पहिला लँडसॅट उपग्रह सोडला गेला. आज असे उपग्रह जमिनीचे ३० मीटर लांब-रुंद चौकोन पाहतात. एक चौकोन म्हणजे सुमारे नऊ गुंठे. वर्षभरात तो कधी हिरवा होतो आणि कधी उघडा पडतो हे पाहून तिथे शेत, जंगल की वस्ती, हे ठरवितात.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१७ साली असा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. २०१५ च्या सुमारास जगात १८७ कोटी हेक्टर शेतजमीन असल्याचे त्यात दिसले. भारत १७.९८ कोटी हेक्टरांसह पहिला. मागे अमेरिका १६.७८, चीन १६.५२ आणि रशिया १५.५८ कोटी. पुढे मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ सालासाठी मोजणी केली, तेव्हा जगाची बेरीज १२४ कोटी हेक्टरच भरली. चार वर्षांत ६३ कोटी हेक्टर जमीन गेली कुठे?

वाचकहो, जमीन कुठेही गेली नाही. मोजण्याची पट्टी बदलली. पहिल्या नकाशात चहा, कॉफी, रबराचे मळे आणि पडीत ठेवलेली जमीनही धरली आहे. दुसऱ्यात झाडांचे मळे वगळले आहेत, आणि चार वर्षांहून अधिक काळ पडून असलेली जमीनही. म्हणून भारताचा आकडा एका नकाशातून आणि आफ्रिकेचा दुसऱ्यातून घेऊन तुलना करणे म्हणजे एकाचे धान्य पायलीने आणि दुसऱ्याचे शेराने मोजण्यासारखे आहे. एकच पट्टी लावली तर मात्र खरे काही कळते. मेरिलँडच्या मोजणीप्रमाणे २००३ ते २०१९ या काळात जगाची शेती ९ टक्के वाढली, सर्वाधिक आफ्रिकेत. आणि नव्या शेतांपैकी जवळजवळ निम्मी जंगल व रानझाडोरा हटवून झाली.

पहिल्या क्रमांकाचा अभिमानही बेताने बाळगावा. तीच जमीन माणशी वाटली तर आपल्याकडे सुमारे १३ गुंठे येतात, अमेरिकेत ५०. शिवाय क्षेत्र सांगितले म्हणजे ताटात काय पडते हे कळत नाही. गुरांच्या चाऱ्याचे आणि इंधनाच्या मक्याचे शेतही त्यातच मोजलेले असते.

आता आपल्या भागाकडे वळू. भिंड, मुरैना, ग्वाल्हेरकडचे पुष्कळ शेतकरी पावसाळ्यात रान मोकळे ठेवतात, मातीत ओल साठवितात आणि त्या ओलीवर ऑक्टोबरात मोहरी पेरतात. ऑगस्टचे चित्र पाहणारा म्हणेल, 'ही पडीक जमीन.' जानेवारीचे पाहणाऱ्याला तेच रान पिवळेधमक दिसेल. म्हणूनच हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आपल्या देशाच्या नकाशात खरीप, रब्बी आणि पडीत असे वेगवेगळे रकाने ठेवते.

जुन्या करारात लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती देण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी नांगर चालत नसे, पण शेत हे शेतच राहत असे. विसावलेल्या जमिनीला निकामी म्हणू नये, हा धडा आजही खरा आहे.

ज्यांची शेती आहे त्यांनी एवढे अवश्य करावे. गिरदावरीची नोंद होते तेव्हा आपल्या खसऱ्यापुढे खरे पीक लिहिले गेले आहे ना, ते स्वतः पाहावे. मोहरीसाठी राखलेले रान पडीक म्हणून नोंदले गेले, तर मुदतीत पटवाऱ्याकडे हरकत द्यावी, कारण समर्थन मूल्याच्या खरेदीला हीच नोंद लागते. पीकविम्यातही आता उपग्रहाच्या चित्रांचा आधार घेतला जातो. उपग्रह वरून पाहतो. बांधावर उभे राहून पाहण्याचे काम आपलेच आहे.