ठेका नाचाचा, सूर विरहाचा

६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात युरोव्हिजन गीतस्पर्धा झाली. स्वीडनहून आलेल्या चौघांनी तिथे 'वॉटर्लू' म्हटलं. चमचमते कपडे, उंच टाचांचे बूट आणि वाद्यवृंदापुढे चक्क नेपोलियनच्या वेशात उभा राहिलेला संचालक. यजमान ब्रिटनच्या परीक्षकांनी या गाण्याला एकही गुण दिला नाही, तरी स्पर्धा त्यांनीच जिंकली. अ‍ॅबा हे नाव त्या रात्री युरोपभर झालं. पण गाण्याचा विषय पाहा. नेपोलियन जिथे हरला त्या रणभूमीचं नाव घेऊन एक बाई सांगते आहे की मीही हरले, तुला शरण आले. ते ती हसत सांगते आणि तिच्यामागे पियानो धावत असतो, म्हणून तिची हार आपल्याला विजयासारखी ऐकू येते.

अ‍ॅबाची नेहमी सांगितली जाणारी कहाणी अशी : दोन सुखी जोडपी होती, तोवर गाणी आनंदाची होती, मग दोन्ही लग्नं मोडली आणि गाण्यांत काळोख शिरला. कहाणी सोपी आहे, पण तिच्यातली वर्षं जुळत नाहीत. अग्नेथा फेल्टस्कोग आणि ब्यॉर्न उल्व्हेउस यांचं लग्न १९७१चं. ते वेगळे होत असल्याचं जगाला कळलं १९७९च्या सुरुवातीला. बेनी अँडरसन आणि आनी-फ्रिड लिंगस्टाड, म्हणजे फ्रिडा, वर्षानुवर्षं एकत्र राहत होते. त्यांनी लग्न केलं ऑक्टोबर १९७८मध्ये आणि १९८१मध्ये ते विभक्त झाले. आता 'नोइंग मी, नोइंग यू' घ्या. रिकाम्या घरातून शेवटचं फिरणारी, मुलांचं हसू आता इथे ऐकू येणार नाही हे जाणणारी बाई त्या गाण्यात आहे. ते ध्वनिमुद्रित झालं १९७६मध्ये. तेव्हा एका जोडप्याचा संसार भरात होता आणि दुसऱ्याचं लग्नसुद्धा व्हायचं होतं. ते गायलंही फ्रिडाने. लासे हालस्ट्रॉमने केलेल्या चित्रफितीत चौघांचे चेहरे एकमेकांजवळ येतात आणि एकेक करून वळतात. घटस्फोट यायला अजून वर्षं होती. सूर मात्र आधीच येऊन बसले होते.

मग हे दुःख आलं कुठून? बेनीने यावर एकदा उत्तर दिलं आहे. २०१०मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये अ‍ॅबाचा समावेश झाला, तेव्हाच्या भाषणात त्याने एकोणसाठ अंश अक्षांशाच्या उत्तरेला, रशियापासून फिनलंडमार्गे स्कँडिनेव्हियापर्यंत पसरलेल्या एका उदास पट्ट्याचा उल्लेख केला. हिवाळ्यात सूर्य नीट उगवत नाही तिथल्या माणसांची गाणीही तशीच होतात, असा त्याचा रोख होता. ते थोडं गमतीत म्हटलं असेल, पण बेनीच्या बाबतीत खरं आहे. सहाव्या वर्षी त्याच्या हातात अकॉर्डियन आलं, आणि वडील-आजोबांच्या संगतीत तो स्वीडिश लोकसंगीत वाजवू लागला. त्या संगीतात नाचाच्या चालीसुद्धा बऱ्याचदा मायनरमध्ये असतात. कोमल गंधारावर पाय थिरकतात. ब्यॉर्नही लोकगीतं गाणाऱ्या हूटनॅनी सिंगर्समधून आला होता. इंग्रजी रॉक संगीत दोघांनी ऐकलं, शिकलं. पण ते त्यांच्या अंगात नंतर भिनलं, आधी तिथे अकॉर्डियन होतं.

फ्रिडाच्या आयुष्यात तर हरवणं जन्मापासूनच होतं. नोव्हेंबर १९४५मध्ये ती उत्तर नॉर्वेत जन्मली, जर्मन फौजा तिथून गेल्याला जेमतेम सहा महिने झाले होते. वडील जर्मन सैनिक. अशा मुलांना आणि त्यांच्या आयांना नॉर्वेत तेव्हा फार छळ सोसावा लागला. आजी तिला घेऊन स्वीडनला आली. आई १९४७मध्ये, ऐन एकविशीत, वारली. वडील युद्धाच्या अखेरीस परतताना बुडाले, असं तिला लहानपणापासून सांगितलं गेलं. १९७७मध्ये 'ब्राव्हो' या जर्मन मासिकात तिच्याविषयीचा लेख आला, तो तिथल्या एका नातेवाइकाने वाचला आणि वडील जिवंत असल्याचं समोर आलं. त्याच वर्षी दोघांची स्टॉकहोममध्ये भेट झाली. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती आणि तिचा आवाज अर्धं जग ओळखत होतं. तिच्या गाण्यात जो घट्ट, दाबून धरलेला स्वर आहे त्याचा या आयुष्याशी थेट संबंध लावायला मी धजणार नाही. पण ब्यॉर्नने लिहिलेले विरहाचे शब्द तिच्याकडे पोचले, तेव्हा ते अनोळखी घरात गेले नव्हते.

आणि कसब. १९७५चं 'एसओएस' एकदा नीट ऐकावं. सुरुवातीला पियानो आणि अग्नेथाचा एकटा आवाज, डी मायनरमध्ये. आपलं काय झालं, आपण असे कसे दूर गेलो, एवढंच ती विचारते. मग ध्रुवपद येतं आणि गाणं मेजरमध्ये जातं : शुद्ध गंधार, गिटार, सिंथेसायझर, सगळं एकदम उजळून निघतं. शब्द मात्र उलट्या दिशेने गेलेले असतात, कारण तुझ्याशिवाय जगायचं कसं हा प्रश्न ती तिथेच विचारते. म्हणजे आक्रोश सर्वात मोठा होतो नेमका तिथेच सूर हसायला लागतात. ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटोव्ह फिल स्पेक्टरच्या भरगच्च ध्वनीने भारावलेला होता. तो तेच गाणं पुन्हा म्हणवून, टेपचा वेग किंचित बदलून, आवाजावर आवाजाचे थर चढवायचा. बेनी आणि ब्यॉर्न पट्टी मुद्दाम उंच ठेवत. दोघींना तार सप्तकात ताण देऊन गावं लागे, आणि त्या ताणात उत्साह आणि हंबरडा दोन्ही ऐकू येतात. ऐकणाऱ्याने यातलं काय उचलायचं ते त्याच्यावर सोडलेलं.

बहुतेकांनी उत्साह उचलला. आपल्याकडेही. १९७७च्या 'हम किसीसे कम नहीं'मध्ये राहुलदेव बर्मन यांनी 'मिल गया हमको साथी मिल गया' केलं, त्यात 'मम्मा मिया'ची चाल स्पष्ट ओळखू येते. मूळ गाण्यातली बाई फसवणाऱ्या माणसाला सोडायचं ठरवून पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच परतते आणि स्वतःवरच चिडते. किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्या गाण्यात मात्र साथी मिळाल्याचा निखळ जल्लोष आहे. चाल मुंबईला आली, फसवणूक स्टॉकहोमलाच राहिली. यात बर्मन यांचा दोष काढण्यासारखं काही नाही, चालीत जल्लोष होताच आणि त्यांनी तो बरोबर ऐकला.

'डान्सिंग क्वीन'विषयी मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण अ‍ॅबाचं सर्वात आनंदी गाणं म्हणून तेच पुढे केलं जातं. १८ जून १९७६ला स्वीडनचा राजा कार्ल गुस्ताव्ह याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात चौघांनी अठराव्या शतकातले पोशाख घालून ते सादर केलं. पुढच्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्यांचं ते एकमेव गाणं. सतरा वर्षांची मुलगी शुक्रवारी रात्री नाचते आहे, एवढाच मजकूर. पण गाणारी ती मुलगी नाही. ती तिला 'तू' म्हणते, म्हणजे बाजूला उभी राहून बघते आहे. गाताना अग्नेथा पंचविशीत होती, फ्रिडा तिशीला टेकलेली. जिचे दिवस सरले आहेत ती, जिचे दिवस आत्ता चालू आहेत तिला सांगते : हे तुझं आहे, नाच. बेनीने नुसती वाद्यसाथ घरी आणून ऐकवली तेव्हाच आपल्याला रडू कोसळलं, असं फ्रिडाने पुढे सांगितलं आहे. तेव्हा त्यावर अजून कोणाचा आवाजही चढला नव्हता.

१९७८-७९च्या काळात डिस्कोची लाट आली. अ‍ॅबाने तीही अंगावर घेतली, स्वतःचा पोलर स्टुडिओ उभारला, जगभर दौरे केले. ती गाणी चांगली आहेत, पण या कहाणीत त्यांचं काम फार नाही.

मग १९८०. अग्नेथा आणि ब्यॉर्नचा घटस्फोट पूर्ण होत होता त्याच उन्हाळ्यात 'द विनर टेक्स इट ऑल' आलं. नवऱ्याने शब्द लिहिले आणि ते गायला बायकोला दिले. ब्यॉर्न वर्षानुवर्षं सांगत आला आहे की हे आमच्या घटस्फोटाचं शब्दशः वर्णन नाही, आमच्यात जिंकणारा-हरणारा कोणी नव्हता. त्यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र गाण्याला रोजनिशी करून टाकलं, आणि त्यात अग्नेथावर मोठा अन्याय झाला. तिने काय केलं आहे ते ऐकलंच जात नाही. हे गाणं मेजरमध्ये आहे. चाल जवळजवळ एकाच उतरत्या स्वरवाक्याची. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, पियानो पायऱ्या उतरावा तसा खाली येत राहतो. एवढ्या तोकड्या सामग्रीवर जवळपास पाच मिनिटं उभी करायची तर गाणारीला प्रत्येक कडवं वेगळं जगावं लागतं. पहिल्या कडव्यात ती समजूतदार आहे, तुटक बोलते. मधे कुठेतरी तिचा तोल जातो आणि ती दुसरीबद्दल विचारून बसते. शेवटी माफी मागते, तुला अवघडल्यासारखं झालं असेल म्हणून. हा अभिनय आहे, आणि फार वरच्या दर्जाचा. तिला केवळ दुखावलेली बायको म्हणणाऱ्यांनी तिच्यातली कलावंत पुसून टाकली. खुद्द अग्नेथाने पुढे हेच आपलं सर्वात आवडतं अ‍ॅबागीत असल्याचं सांगितलं आहे.

त्याच वर्षीच्या 'सुपर ट्रूपर' या संग्रहात 'हॅपी न्यू इयर' आहे. शीर्षक वाचून कोणालाही फटाके आठवतील. गाण्यात फटाके विझलेले आहेत, शॅम्पेन संपली आहे, आणि उरलेली दोन माणसं सकाळच्या करड्या उजेडात पुढच्या दहा वर्षांचं काय होणार याचा विचार करत आहेत. व्हिएतनाममध्ये नववर्षाला हे गाणं दुकानादुकानांतून वाजतं.

१९८१च्या 'द व्हिजिटर्स'चं मुखपृष्ठच पाहावं : स्टॉकहोमच्या स्कान्सेन संग्रहालयातली चित्रकार यूलिउस क्रोनबेर्ग याची जुनी चित्रशाळा, अंधुक प्रकाश, आणि चौघं चार ठिकाणी, कोणी कोणाकडे बघत नाही. शीर्षकगीतात दारावरची थाप ऐकून थिजलेला सोव्हिएत विरोधक आहे. 'व्हेन ऑल इज सेड अँड डन' बेनी-फ्रिडाच्या विभक्त होण्याचं, आणि ते फ्रिडाच गाते, ताठ मानेने, चांगल्या वेगवान ठेक्यावर. 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स'मध्ये शाळेला निघालेल्या मुलीकडे पाहणारी आई आहे. शब्द ब्यॉर्नचे, आपल्या लेकीला, लिंडाला, पाठमोरी जाताना पाहून सुचलेले, आवाज अग्नेथाचा. वेगळ्या झालेल्या आईबापांनी मिळून केलेलं हे काम. मला ते 'द विनर'पेक्षाही जास्त हलवून जातं, कारण इथे दोष द्यायला कोणीच नाही, मूल मोठं होतं आहे एवढंच.

आणि ऑगस्ट १९८२मधलं 'द डे बिफोर यू केम'. जवळजवळ सहा मिनिटं, ध्रुवपद नाही. बेनीचे सिंथेसायझर, यांत्रिक ताल, मागे दुरून फ्रिडाचा ऑपेरासारखा स्वर. अग्नेथा एका साध्या नोकरदार बाईचा दिवस सांगते : घरातून निघणं, गाडी, कचेरी, जेवणाची सुट्टी, संध्याकाळी बाहेरून आणलेलं चिनी जेवण, टीव्हीवर 'डॅलस', झोपताना पुस्तक, छपरावर पाऊस. सगळं अंदाजाने, असंच झालं असणार, या सुरात. लक्षात ठेवण्यासारखं त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. तो 'तू' कोण, प्रियकर की आणखी काही, आणि तो आल्यावर भलं झालं की बुरं, हे गाणं सांगत नाही. सूर मात्र सांगतात. ब्रिटनमध्ये ते बत्तिसाव्या क्रमांकावर अडलं. वर्षानुवर्षं पहिल्या दहांत राहिलेल्यांना लोकांनी पाठ फिरवल्यासारखंच ते वाटलं असणार. त्या वर्षाअखेर चौघं थांबले. मोडलो असं त्यांनी जाहीर केलंच नाही.

पुढचा काळ उत्सवाचा. १९९२चा 'अ‍ॅबा गोल्ड' घराघरांत गेला. ६ एप्रिल १९९९ला, ब्रायटनच्या विजयाला बरोबर पंचवीस वर्षं होताना, लंडनमध्ये 'मम्मा मिया' ही संगीतिका उघडली. २००८मध्ये तिचा चित्रपट आला. ग्रीक बेट, निळं पाणी, शेवटी प्रेक्षकही उठून नाचतात. या उत्सवाला नाकं मुरडणारे मला पटत नाहीत. मेरिल स्ट्रीप त्या कड्यावर 'द विनर टेक्स इट ऑल' म्हणते तेव्हा नाचायला आलेलं चित्रपटगृह गप्प होतं, आणि पुढच्या गाण्याला पुन्हा नाचू लागतं. अ‍ॅबाला हे दोन्ही एकाच संध्याकाळी हवं होतं.

२ सप्टेंबर २०२१ला, जवळपास चाळीस वर्षांनी, नवी गाणी आली. त्यातलं 'डोन्ट शट मी डाउन' संथ सुरू होतं. संधिप्रकाशात बागेतल्या बाकावर बसलेली एक बाई जुन्या घराच्या खिडकीतला दिवा बघते आणि शेवटी उठून दार ठोठावते. मग पियानोवर बोटं घसरतात आणि डिस्कोचा ठेका सुरू होतो. अग्नेथा तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. आवाज खाली आला आहे, त्याची धार थोडी बोथट झाली आहे, आणि पट्टी या वेळी त्या आवाजाला सोसेल अशीच ठेवली आहे. मी बदलले आहे, मला पुन्हा घरात घे, अशी ती विनवणी आहे, ती नाचाच्या तालावर केली आहे, आणि आतल्या माणसाचं उत्तर गाण्यात नाही. 'द डे बिफोर यू केम'नंतरचं त्यांचं सर्वात चांगलं काम माझ्या मते हेच.