मतदान नाही, तरी निर्णय होतो! मेंढा-लेखा गाव शांततेचा कोणता धडा देतं?

भांडणाऱ्या दोन गटांना एकत्र बसवलं की भांडण मिटतं का? नेहमीच नाही. कधी कधी ते आणखी पेटतं. मग मतभेद असलेल्या माणसांना सोबत राहायला शिकवायचं कसं? शांतता शिक्षणातला हा कळीचा प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावात मिळतं.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. गावचे देवाजी तोफा आणि जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेले चंद्रपूरचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारातून इथे एक वेगळी पद्धत रुजली.

पद्धत नेमकी काय?

गावात दोन वेगवेगळ्या बैठका होतात.

• अभ्यास गट : इथे फक्त शिकायचं. जंगलाचा कायदा असो की दारूचा प्रश्न, त्यावर माहिती घ्यायची, चर्चा करायची. बाहेरचे जाणकारही येऊ शकतात. पण निर्णय इथे होत नाही.

• ग्रामसभा : निर्णय इथे होतो, तोही गावकऱ्यांचाच आणि सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं.

याने फरक काय पडतो?

बहुमतात ५१ जण जिंकतात, ४९ हरतात. हरलेल्यांच्या मनात सल राहते आणि गावात गट पडतात. अभ्यास गटात हरजीतच नसते. त्यामुळे मत बदललं तरी कमीपणा वाटत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की, नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, एकत्र काम आणि व्यवस्थेचा पाठिंबा लागतो. मेंढ्यात समान उद्दिष्ट होतं जंगल.

हाती काय लागलं?

२००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. नक्षलवादी आणि पोलीस यांच्या संघर्षात होरपळलेल्या जिल्ह्यात एका गावाने हे सगळं बोलून, समजून घेऊन मिळवलं.

मग सगळीकडे हेच करायचं?

इतकं सोपं नाही. मेंढा लहान आहे आणि बहुतेक लोक एकाच समाजाचे आहेत. अनेक जातींच्या मोठ्या गावात दुबळ्याचं गप्प बसणं हीच 'सहमती' धरली जाण्याचा धोका असतो. शिवाय या पद्धतीला वेळ लागतो.

पण आधी समजून घ्यायचं आणि ठरवायचं नंतर, वेगळ्या बैठकीत, एवढं तर कुणालाही जमेल. अगदी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही!