तराजू कोणाच्या हाती?

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात १८९७ या वर्षाला महत्त्वाचे स्थान आहे. त्या वर्षी या प्रांतासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. त्यापूर्वी १८८६ मध्येच, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यात नियंत्रित बाजार सुरू झाला होता. विलायती गिरण्यांची सोय हा त्यामागील हेतू असेलही. परंतु तराजू एकाच पक्षाच्या हाती राहू नये, हे तत्त्व त्यातून येथे रुजले.

आज अमरावती-अकोल्यातील मध्यमवर्गीय कुटुंब दरमहा एक नवी वस्तू विकत घेते, ती म्हणजे इंटरनेटची जोडणी. येथे मात्र तराजू विक्रेत्याच्याच हाती आहे.

जाहिरातीत वेग सांगितला जातो तो ‘अमुक इतक्यापर्यंत’. हा शब्द कमाल मर्यादा सांगतो, किमान नव्हे. शिवाय वेगाचे माप बिटचे आणि फाइलचे वजन बाइटचे. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली, तरी सेकंदाला ५ मेगाबाइटच उतरणार. त्यातही एकाच तारेची क्षमता अनेक घरांत वाटलेली असते. सकाळची धार रात्री ठिबकू लागते, ती बहुधा यामुळेच.

ही गैरसोय केवळ करमणुकीपुरती असती, तर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु महाविद्यालयातील प्रवेश, स्पर्धा परीक्षांचे अर्ज, शाळांनी भरावयाची माहिती हे सारे आता याच तारेवरून जाते. अखेरच्या दिवशी अर्ज अडकला, तर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते आणि दोषही त्याच्याच माथी येतो. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटच्या उपलब्धतेचा संबंध शिक्षणाच्या हक्काशी जोडला, तो उगाच नव्हे.

सेवा वाईट असेल तर ग्राहकाने दुसरी कंपनी निवडावी, असे स्पर्धेचे समर्थक म्हणतील. पण वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असताना आणि वस्तीत दुसरी तार आलेलीच नसताना ही निवड कागदावरच राहते.

ब्रॉडबँड म्हणविण्यासाठी २००४ मध्ये सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग पुरेसा होता. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाला. व्याख्या सुधारली, पण किराणा दुकानाच्या काट्यावर जसा वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तसा घरच्या जोडणीवर नाही. तक्रार कंपनीकडे करावयाची आणि अपीलही कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे! बँकांच्या ग्राहकांना १९९५ पासून लोकपाल लाभला. दूरसंचाराच्या ग्राहकांना तो अद्याप मिळालेला नाही.

एक दार मात्र उघडले आहे. दूरसंचार सेवेबद्दलच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. त्यासाठी पुरावा हवा. ठराविक वेळी मोजलेला वेग, सेवा बंद पडल्याच्या तारखा आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक एका वहीत टिपून ठेवण्याची सवय ग्राहकांनी लावून घेतली पाहिजे. एका घराची वही दुर्लक्षिली जाईल. साऱ्या वसाहतीच्या वह्या दुर्लक्षिता येणार नाहीत.

शासनाचेही कर्तव्य आहे. किमान वेग बिलावर छापणे आणि सेवा बंद असलेल्या दिवसांचे पैसे न मागता वजा करणे, या दोन गोष्टी कायद्याने बंधनकारक व्हाव्यात. कापसाच्या तराजूचा प्रश्न ज्या भूमीने सव्वाशे वर्षांपूर्वी हाती घेतला, तिने ही मागणी करावी हे उचितच होय.