जिभेखालची दहा मिनिटं

सकाळचे सव्वानऊ. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, औषधांच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग ओलांडला की जाळीची एक खिडकी लागते. खिडकीपुढे अठरा-वीस जणांची रांग आहे. सगळे पुरुष. बाई एकच, तीही नवऱ्याला घेऊन आलेली. एकाच्या खांद्यावर हमालीचं फडकं. एकाने डिलिव्हरीची पिशवी दोन पायांत धरून ठेवली आहे आणि तो दर मिनिटाला मोबाइल बघतोय. सगळ्यांच्या हातात मळलेलं कार्ड. नाव सांगावं लागत नाही, नंबर दाखवला की झालं.

जाळीआड सिस्टर बसल्या आहेत. समोर रजिस्टर, कुलपाची पेटी आणि चिनीमातीचा छोटा पांढरा खल. नंबर बघायचा, दोन मिलिग्रॅमच्या चार गोळ्या मोजून खलात टाकायच्या, बत्त्याने चुरायच्या, भुकटी कागदाच्या घडीवर घ्यायची. "जीभ वर." भुकटी जिभेखाली जाते. "बस तिकडे. गिळायचं नाही."

गोळ्या अख्ख्या का देत नाहीत? अख्खी गोळी गालात लपवून बाहेर नेता येते. बाहेर तिला गिऱ्हाईक आहे.

खलाचा आवाज मला थेट बाळगुटीपर्यंत घेऊन जातो. गिरणगावात शंभर वर्षांपूर्वी पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफू घातलेली बाळागोळी चाटवून निजवत असत. ह्या शहराची अफूशी ओळख गर्दुल्ल्यांपासून सुरू झालेली नाही, एवढंच.

"जन्मभर पुडीच नशिबात," हमाल कागदाच्या त्या घडीकडे बघत म्हणतो आणि जीभ वर करतो. सिस्टर हसत नाहीत. हा विनोद त्यांनी बहुधा रोज ऐकला असणार.

भिंतीलगतच्या बाकावर आता नऊ जण ओळीने बसले आहेत. सगळे गप्प, ओठ मिटलेले, माना किंचित खाली. बोललं की लाळ घशात जाते, आणि पोटात गेलेलं हे औषध बरंचसं वाया जातं. यकृत त्याचा बराच भाग रक्तात नीट पोचण्याआधीच निकालात काढतं. जिभेखालून मात्र ते सरळ रक्तात उतरतं. त्याला पाच ते दहा मिनिटं लागतात. सरकारी दवाखान्यात एवढा शांत बाक मी पाहिलेला नाही.

औषधाचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. अफूच्याच कुळातलं, हेरॉइनच्या जागी द्यायचं. इथे कुणी ते उच्चारत नाही. इथे ती नुसती 'गोळी', आणि सकाळचं हे सगळं म्हणजे 'डोस'.

मराठी वाचकाला गर्द, म्हणजे हेरॉइनची पावडर, कळलं ते अनिल अवचटांच्या लेखणीतून आणि १९८६ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे. तो रस्ता व्यसन पुरतं सोडण्याचा. ही खिडकी वेगळ्या हिशोबाने उघडली. सुया वाटून घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही आणि कावीळ पसरत होती, तेव्हा २००७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ही केंद्रं आली. आधी सुई सुटू दे, माणूस जगू दे, मग पुढचं बघू. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुईने नशा घेणाऱ्यांचा अंदाज साडेआठ लाखांचा निघाला होता.

आतल्या खोलीत डॉक्टरमॅडमपुढे पंचविशीचा एक मुलगा उभा आहे. आज पहिला दिवस. लांब बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली, ह्या उकाड्यात.

"शेवटची कधी घेतलीस?"

"काल रात्री, मॅडम. आईशप्पथ."

मॅडम वाद घालत नाहीत. हनुवटी धरून त्याचा चेहरा खिडकीकडे वळवतात. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "आज पहाटे घेतलीस. पाच वाजता? साडेपाच?"

तो जमिनीकडे बघतो. "पाच."

"मग आत्ता नाही देणार. जांभया यायला लागल्या, नाक गळायला लागलं, अंगावर काटा आला की ये. मी आहे दीडपर्यंत."

"तेव्हा टर्की लागेल ना मॅडम! त्यासाठीच तर आलोय." टर्की म्हणजे नशा उतरल्यावरची तडफड.

"आत्ता दिली तर ह्याहून वाईट लागेल."

हे कोडं त्याला बाहेर व्हरांड्यात आउटरीचवाला दादा सोडवून सांगतो. दादा स्वतः आठ वर्षं सुईवर होता, आता सहा वर्षं गोळीवर. "एसटीत रुमाल टाकून जागा धरतात बघ. ही गोळी तशी नाय. ही बसलेल्याला उठवून जागा घेते. पावडर अंगात असताना घेतलीस तर एका झटक्यात सगळी उठवणार. मग तू गडाबडा लोळणार आणि आम्हाला शिव्या देणार. पावडर आपली आपण उतरू दे. मग ही शांत बसते, आणि एकदा बसली की दिवसभर हलत नाय. वरून पावडर मारलीस तरी तिला बसायला सीटच नाय."

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात ह्याला दोन पानं लागतात. दादाने एक गोष्ट सोडली, ती मॅडम मला नंतर सांगतात. ही गोळी जागा धरते, पण काम अर्धंच करते. एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी नशा वाढत नाही आणि श्वासही त्या प्रमाणात आणखी मंदावत नाही. म्हणून ती हेरॉइनपेक्षा, आणि २०१२ पासून भारतात मिळू लागलेल्या मेथाडोनच्या सिरपपेक्षाही, जिवाला कमी धोक्याची. मेथाडोन काहींना जास्त मानवतं, पण त्याचा डोस चुकला तर श्वास थांबू शकतो आणि हृदयाच्या ठोक्यांवरही लक्ष ठेवावं लागतं.

कमी धोक्याची म्हणजे बिनधोक नव्हे, हे दहा मिनिटांत दिसतं. पन्नाशीचे एक काका जाळीशी येतात आणि सिस्टर खुर्चीतच मागे सरकतात.

"काका, तोंड उघडा. घेऊन आलात ना?"

"क्वार्टरच फक्त."

"दारूवर नाही देणार. संध्याकाळी झोपाल ते उठणार नाही."

दारू किंवा झोपेच्या गोळ्या ह्यावर पडल्या की ती मर्यादा उपयोगाची राहत नाही. काका आरडाओरडा करतात, कार्ड जाळीवर आपटतात, शेवटी मॅडमच्या दाराशी जाऊन बसतात. सिस्टर रजिस्टरमध्ये त्यांच्या नंबरापुढे लाल फुली मारतात आणि पुढचा नंबर वाचतात.

नवऱ्याला घेऊन आलेली बाई आता मॅडमपुढे बसली आहे. भाजी विकते. नवरा दीड वर्षं रोज येतोय, पुन्हा कामाला लागलाय, घरातलं सामान आता नाहीसं होत नाही. तरी तिचा एक प्रश्न आहे. "मॅडम, ह्यांची गोळी बंद कधी होणार? सासू म्हणते, एक नशा सोडून दुसरी धरली."

मॅडम ठरलेलं उत्तर देतात: साखरेची गोळी नाही का जन्मभर घेत आपण?

"साखरेची गोळी कुणी गालात लपवून विकत नाय," बाई म्हणते.

मला हे बोलणं आवडतं. मधुमेहाची उपमा मीही लिहिणार होतो. मॅडमही क्षणभर थांबतात. मग फ्रान्सचं सांगतात: १९९६ मध्ये तिथे साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहून द्यायची मुभा मिळाली, आणि काही वर्षांत हेरॉइनच्या ओव्हरडोसने मरणारे पाचातले चार जण वाचू लागले. "आणि हो, तिथेही काही जणांनी ती विरघळवून सुईने घेतली. विकलीही. तुम्ही म्हणता ते खोटं नाही."

बाईला फ्रान्सशी देणंघेणं नाही. "मग बंद करू का नको?"

"घाईने नको. बंद करायची तर महिनोन्‌महिने, थोडी थोडी कमी करत."

घाईने केलं तर काय होतं, ते बाहेर दादाच्या फोनमध्ये आहे. गणपतीतल्या फोटोत चार जण. तो एकावर बोट ठेवतो. गावी गेला, गोळी सोडली, तीन महिने कोरा राहिला. घरच्यांनी पेढे वाटले. मुंबईत परतल्यावर एकदाच घेतली, पूर्वी घ्यायचा तेवढीच. "माप जुनं, पण अंगाची सवय गेलेली," दादा म्हणतो आणि फोन खिशात टाकतो.

रोज यावं लागतं ही इथली सगळ्यांत मोठी तक्रार. डिलिव्हरीवाल्या मुलाची तर रोजची एक ऑर्डर ह्यात जाते. कोविडच्या टाळेबंदीत गोळ्या घरी न्यायची मुभा होती, त्या दिवसांबद्दल तो सुट्टीतल्या आठवणींसारखं बोलतो. त्याची बाजू मला पटते. पण गालातल्या गोळीचं काय, ह्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. माझ्याकडेही नाही.

एक वाजून दहा मिनिटं. रांग संपली आहे, मावशी फरशी पुसतायत. तो नवा मुलगा परत येतो. नाक गळतंय, जांभईवर जांभई. लांब बाह्या त्याने आता स्वतःच वर सारल्या आहेत. दंडापर्यंत टोचल्याच्या काळ्या रेघा आणि त्यांच्यावर उभा राहिलेला काटा, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसासारखा. मॅडम बाहुल्या बघतात. मोठ्या झाल्यात. "आता बरोबर."

एकच गोळी. खल. घडी. जीभ वर.

तो माझ्या शेजारी बाकावर बसतो. गुडघा थडथड उडतोय. दहा मिनिटांनी सिस्टर येऊन तोंड उघडायला लावतात, जिभेखाली टॉर्च मारतात, सही घेतात आणि सांगतात, तासभर इथेच बसायचं. तो मान हलवतो. पुढे कितीतरी वेळ आम्ही दोघं मावशींच्या बादलीकडे बघत राहतो.

पावणेदोन. पंखा तोच, तेवढ्याच वेगाने फिरतोय. त्याच्या हातावरचा काटा बसलाय. गुडघा कधी थांबला ते माझ्या लक्षात आलेलं नाही.

"इथे चहा कुठे मिळतो?" तो विचारतो.