श्यामनं अंघोळ केली, साने गुरुजींनी उपोषण

‘श्यामची आई’मध्ये एक प्रसंग आहे. महारवाड्यातली एक म्हातारी लाकडाची मोळी खाली पडल्यामुळे अडून बसली आहे. एकटीला ती डोक्यावर घेता येत नाही आणि रस्त्यावरचं कुणी तिला शिवायला तयार नाही. श्यामची आई मुलाला पाठवते. मोळी उचलून दे, म्हणते, आणि घरी आल्यावर अंघोळ कर.

मुलाला माणुसकी शिकवणारी आई म्हणून हा प्रसंग पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. मला मात्र त्या अंघोळीपाशी थांबावंसं वाटतं. कोकणातल्या पालगडची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक ब्राह्मण गृहिणी त्या काळात जिथवर जाऊ शकली असती, तिथवरच साने गुरुजींनी तिला नेलं. आपल्या काळातलं शहाणपण तिच्या तोंडी घातलं नाही. पण हे पुस्तक लिहिलं १९३३ साली, आणि १ मे १९४७ रोजी तोच लेखक पंढरपुरात उपोषणाला बसला. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी त्यांनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली होती. दहा दिवसांनी उपोषण सुटलं. श्यामची अंघोळ आणि गुरुजींचं उपोषण यांच्यामध्ये चौदा वर्षं आहेत, आणि कथा लिहिण्यानं माणसाचं काय होतं हा प्रश्न मला याच चौदा वर्षांमुळे पडला.

हे मी सिंदी मेघेत बसून लिहितो आहे. बाहेरचा माणूस हमखास आमची गल्लत सिंदी रेल्वेशी करतो. ते नागपूरच्या वाटेवरचं स्टेशन. आमचं गाव वर्धा शहराला असं चिकटलेलं, की शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं ते नवख्याला कळू नये. त्यामुळे वर्ध्याचा इतिहास आम्ही हक्कानं आपला म्हणतो. त्या इतिहासात एक अडचणीची गोष्ट आहे. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी उघडलं ते जुलै १९२८ मध्ये, म्हणजे पंढरपूरच्या एकोणीस वर्षं आधी. त्यासाठी कुणाला कादंबरी लिहावी लागली नाही, कुणाला ती वाचावीही लागली नाही. विश्वस्तांनी ठरवलं आणि दार उघडलं.

मग कथेनं नेमकं काय केलं? साहित्यानं समाज बदलतो, हे वाक्य संमेलनांच्या मांडवात इतक्यांदा ऐकलंय की त्याची भीतीच वाटते. वर्ध्यातही दोन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं झाली. १९६९ साली पु. शि. रेगे अध्यक्ष होते, २०२३ साली नरेंद्र चपळगावकर. म्हणून भाषणं बाजूला ठेवून मोजमाप करणाऱ्यांकडे जाऊ.

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड किड आणि इमान्युएल कस्तानो यांचा निबंध आला. साहित्यिक दर्जाचा कथांश थोडा वेळ वाचला तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते, असा त्याचा दावा होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो परिणाम सापडला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. दहा मिनिटांत माणूस सुधारत असता तर आपल्याकडे शाळेतल्या धड्यांनी केव्हाच रामराज्य आलं असतं.

याहून मोलाचं काम एलिझाबेथ लेव्ही पालक यांचं आहे. नरसंहारानंतरच्या रवांडात ‘मुसेकेवेया’ नावाची नभोवाणी मालिका सुरू झाली. दोन शेजारी गावांमधलं वैर आणि त्यातून वाट काढणारी माणसं, अशी तिची गोष्ट. काही गटांना वर्षभर ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी मालिका. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्रोत्यांची स्वतःची मतं फारशी हलली नव्हती. पण आपल्या समाजात काय चालतं, काय बोललेलं खपतं, याबद्दलची त्यांची समजूत बदलली होती, आणि तिच्याबरोबर वागणंही. ऐकणारे उघडपणे मतभेद मांडू लागले होते.

म्हणजे गोष्ट माणसाला पटवत बसत नाही. ती त्याला मुभा देते. जे मनात होतं पण चारचौघांत काढायची सोय नव्हती, ते काढायची सोय होते. मराठी कादंबरीचा इतिहास या अंगानं वाचला की बऱ्याच गाठी सुटतात.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमू आपली हकीकत स्वतः सांगते. सासर, वैधव्य, केशवपन, सगळं तिच्याच तोंडून. त्याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात सभा उधळल्या जात होत्या. सभेत बोलत होते पुरुष. ‘करमणूक’च्या पानावर बोलत होती यमू. तिचा लेखकही पुरुषच होता हे खरं. पण माजघरात बसून अंक वाचणारीला त्या ‘मी’मध्ये शिरायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

वाचकाला मिळालेल्या मुभेची किंमत मात्र कुणीतरी चुकवतं, आणि बहुधा तो लेखक असतो. याचा सर्वांत लख्ख दाखला १९३३ सालचा आहे, ज्या वर्षी ‘श्यामची आई’ लिहिली गेली त्याच वर्षीचा. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह बाहेर पडला, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न जमलेल्या किंवा घरच्यांनीच रखडवलेल्या मुली त्यात होत्या. मुलीच्या पगारावर संसार चालवणारे आईबाप होते, आणि अशा मुलींना देह असतो ही उघड गोष्ट होती. पुण्यामुंबईत गदारोळ उठला. निषेध झाले आणि विभावरी शिरूरकर कोण याची शोधाशोध सुरू झाली, कारण या नावाची बाई कुठं नव्हतीच. खरी लेखिका होती बाळूताई खरे, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालतीबाई बेडेकर.

मला कुतूहल वाटतं ते गुपित फुटल्यानंतरचं. आता टोपणनावाची गरज उरली नव्हती. तरी १९५० साली ‘बळी’ आली ती विभावरी शिरूरकरांच्याच नावावर. सोलापूरच्या सरकारी वसाहतीत, त्या काळी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींमध्ये काम करताना पाहिलेलं जग त्या कादंबरीत आहे. वैचारिक आणि संशोधनपर लेखन मात्र मालती बेडेकर या नावानं होत राहिलं. आधी लपण्यासाठी घेतलेलं नाव नंतर काम करण्याचं नाव झालं. जे मालतीबाईंनी सभेत पुराव्यानिशी मांडलं असतं, ते विभावरी पुराव्याशिवाय सांगू शकत होती. पात्रं निर्माण करता करता लेखिकेनं आणखी एक पात्र घडवलं आणि ते तिच्याबरोबर आयुष्यभर राहिलं.

पात्रं लेखकाला धरून ठेवतात, हे आता नुसतं लेखकांच्या गप्पांतलं राहिलेलं नाही. डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एडिंबराच्या पुस्तक महोत्सवात आलेल्या १८१ लेखकांना विचारलं. ६३ टक्के म्हणाले, लिहिताना पात्रांचा आवाज ऐकू येतो. ६१ टक्के म्हणाले, पात्रं आपल्या मर्जीनं वागू शकतात. आपल्याकडे अशी पाहणी केली तर आकडे याहून फुगतील असा माझा अंदाज आहे. मराठी लेखकाला पात्रानं हातातून लेखणी घेतल्याचं सांगायला फार आवडतं.

साने गुरुजींच्या बाबतीत मात्र आवाजाची गोष्ट वर्ध्याहून सुरू होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, एकूण अठरा. विनोबा १९२१ पासून वर्ध्याचे. ही प्रवचनं उतरवून घेतली साने गुरुजींनी. त्यामुळे ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत. समोरचा बोलतो आहे, त्याचा श्वास, त्याचा थांबा धरत हात चालला आहे, असा कित्येक आठवड्यांचा सराव. वर्ष उलटलं नाही तोच, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग झरझर उतरला. या वेळी बोलणारी आई होती, आणि ती १९१७ सालीच वारली होती. तिच्या शेवटच्या वेळी मुलगा जवळ नव्हता.

या दोन लेखनांचा संबंध मी जोडतो आहे, गुरुजींनी जोडलेला नाही. पण एक गोष्ट पुस्तकातच दिसते. ते ‘मी’ असं लिहीत नाहीत. श्याम नावाचा एक माणूस आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री. आठवणी स्वतःच्या, आईचं नाव यशोदाच, तरी मध्ये श्याम उभा केला. का?

याचं एक उत्तर प्रयोगशाळेतून येतं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना आणखी वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. १९९६ मध्ये मेलनी ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी यात एक खुबीदार बदल केला. मोठा आघात सोसलेल्या विद्यार्थिनींपैकी काहींना स्वतःच्या आघाताबद्दल लिहायला सांगितलं आणि काहींना न घडलेल्या, कल्पित आघाताबद्दल, जणू तो आपल्यावरच ओढवला आहे असं समजून. महिनाभरानं पाहिलं तर दोन्ही गटांचं आजारपणासाठी डॉक्टरकडे जाणं कमी झालं होतं. उलट स्वतःचं खरं दुःख लिहिणाऱ्यांना थकवा जास्त जाणवत होता. दुःख दुसऱ्याच्या नावावर चढवून लिहिलं तरी गुण येतो, आणि झळ जरा कमी बसते. श्याम मध्ये उभा का, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

याचा अर्थ लेखन हे औषध आहे असा कुणी काढू नये. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याचा संबंध पुस्तकाशी जोडणं हा उथळपणा होईल. फाळणी, गांधीहत्या आणि त्यानंतरचा काळ त्यांच्या मनावर काय करून गेला ते त्यांच्या चरित्रात वाचावं. पुस्तकामुळे झालं ते एवढंच, की महाराष्ट्रानं त्यांना श्याम करून टाकलं. १९५३ साली आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि खानदेशात शेतकरी-कामगारांसाठी लढलेला, वारंवार तुरुंगात गेलेला माणूस आईच्या पदराआडून डोकावणाऱ्या मुलाच्या मागे झाकला गेला. वाचकाला रडायची मुभा मिळाली. पण मुलगे रडले आणि आईनं सोसत राहावं ही अपेक्षाही त्याच अश्रूंतून पक्की झाली, हे आता बोलायला हवं.

या रडण्याला छेद देणारी आई आमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं लिहिली. उद्धव शेळके यांचा जन्म हिंगणघाटचा, १९३१ सालचा. त्यांची ‘धग’ ही कादंबरी आली १९६० मध्ये, म्हणजे त्यांची तिशीही उलटली नव्हती. तिच्यातली कौतिक ही पोरांसाठी राबणारी बाई, नवरा महादेव शिंपीकाम जाणणारा पण कामाला न लागणारा. गाव बदलून पाहिलं तरी दैन्य पाठ सोडत नाही. पुढे महादेवला महारोग होतो. कौतिक त्यागाची मूर्ती नाही. ती चिडते, बोलते, भांडते, हिशेब ठेवते, आणि हे सगळं वऱ्हाडीत. ज्या बोलीला तोवर छापील मराठीत बहुधा विनोदी पात्राची जागा होती, तिच्यात माणसाची अख्खी शोकांतिका मावते, हे अमरावती-वर्ध्याच्या वाचकानं इथं विस्तारानं पाहिलं. शाळेत आपल्या तोंडच्या शब्दांबद्दल मास्तरांची बोलणी खाल्लेल्यांना यातून काय मिळालं असेल, ते वेगळं सांगायला नको. विदर्भात पुढे बोलीत निर्धास्त लिहिणाऱ्यांची जी रीघ लागली, तिची वाट ‘धग’वरून जाते.

महारोगाचा धागा इथं सहज सुटणारा नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचं काम उभं केलं. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातानं केली. बाबा आमटे जन्मले हिंगणघाटलाच, १९१४ साली. एकाच गावानं कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारणारा माणूस दिला आणि कुष्ठरोग्याच्या बायकोचं घर आतून दाखवणारा कादंबरीकारही. सेवाकार्याच्या अहवालांत रुग्ण असतात. मागे राहिलेल्या कौतिका त्यांत क्वचित दिसतात.

आणि शेळक्यांचं काय झालं? त्यांनी लेखणीवर पोट भरायचं ठरवलं. ‘धग’नंतर लोकप्रिय कादंबऱ्यांची रांग लागली, इतकी लांब, की १९९२ मध्ये ते गेले तेव्हा समीक्षकांना त्यातली नावंही आठवत नव्हती. ‘धग’च्या लेखकानं स्वतःला वाया घालवलं, असं हळहळणारे लेख मी बरेच वाचले आहेत. ते लिहिणारे बहुतेक प्राध्यापक होते, पहिल्या तारखेला पगार घेणारे. शेळक्यांना कौतिकनं नाव दिलं आणि त्याच नावानं पुढचं प्रत्येक पुस्तक हलकं ठरवलं. ग्रीनबर्ग यांच्या प्रयोगातल्या मुलींना लिहिलेले कागद देऊन घरी जाता आलं. शेळक्यांना ते विकायचे होते, आणि घर त्यावरच चालवायचं होतं.